कितीवर होते गं मी?

"तीनशे अडतीस, तीनशे एकोणचाळीस... आलीस का? बोलू नकोस हं. तीनशे चाळीस."

"मी कुठे बोलतेय, माई? चहाचा कप घेऊन नुसती उभी आहे."

"तू उभी राहिलीस की बोलणारच. एकेचाळीस."

आमच्या आणि माईंच्या बंगल्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे. प्राजक्त माईंचा, पण झुकलाय आमच्याकडे. पाणी त्यांनी घालायचं आणि सडा आमच्या अंगणात. सत्यभामा-रुक्मिणीचीच गत, फक्त आमच्यामध्ये कृष्णाऐवजी वाट्या आहेत. अळूच्या फदफद्याची तिकडून येते, मेतकुटाची इकडून जाते.

यंदा चातुर्मासात माईंनी लाखोलीचा नेम धरलाय. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत देवाला एक लाख प्राजक्ताची फुलं. जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालत नाही, प्राजक्ताला तेवढी सूट. त्यामुळे बहात्तराव्या वर्षी माई रोज पहाटे वाकून वेचतात, आणि अर्धी लाखोली माझ्या अंगणातून जाते. पुण्यातला माझा वाटा किती, हा प्रश्न मी अजून काढलेला नाही. गणपती जाऊन दोनच दिवस झालेत, घरात अजून मोदकांची सुस्ती आहे.

"एकूण किती झाली, माई?"

"कालपर्यंत २९,७००."

"म्हणजे मागे पडलात."

"मागे पडणार नाही तर काय! लाखाला चार महिने म्हणजे दिवसाला ८३३. आषाढात झाडावर कळीसुद्धा नव्हती. तो सगळा बॅकलॉग. आता रोज तेराशे वेचली तर कशीबशी कार्तिकीला पोचते. नातू म्हणाला, 'आजी, शंभर फुलं काट्यावर ठेव, वजन बघ आणि मग सगळी टोपली एकदम तोल.' म्हटलं, देवाला काय किलोवर भाजी देतेय?"

"कल्पना वाईट नाही पण."

"वाईट नाहीच. करून पाहिली मी. पावसात भिजलेली जास्त भरतात गं."

मी चहा सांडता सांडता वाचवला. "माझेही काल एक्केचाळीस झाले."

"कसले?"

"ध्यानाचे दिवस. मोबाइलवर ॲप घेतलंय. रोज दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं. ते आधी घंटा वाजवतं, मग एक बाई हळू आवाजात सांगते, श्वास घ्या, श्वास सोडा."

"ते सांगायला बाई लागते?"

"आणि रोजचा हिशोब ठेवतं. सलग किती दिवस झाले ते दाखवतं. एक दिवस चुकला की पुन्हा शून्य."

"शून्य?" माईंचा हात थांबला. "मेल्याला काही दयामाया? आपल्या व्रतात सोयर-सुतक आलं तर उपास आपण करायचा आणि पूजा दुसऱ्याकडून करून घ्यायची, अशी सोय आहे."

"मीही तेच केलं. बुधवारी साफ विसरले, रात्री पावणेबाराला आठवलं, डोळे उघडेनात. मग लेकीला म्हटलं, तू बस गं माझ्या फोनवर दहा मिनिटं."

"बसली?"

"बसली. दुसऱ्या हातात तिचा फोन होता."

माई खुदकन हसल्या आणि टोपली भिंतीवर ठेवली. टोपली भिंतीवर आली की गप्पा बैठकीच्या होतात, हा आमचा जुना संकेत आहे.

"तुला गुरुवारचं कळलं का? आपल्या गल्लीचं ऑनलाइन विष्णुसहस्रनाम?"

"मी नव्हते. वीज गेली होती."

"देवानेच घालवली असणार. सतरा जणी सतरा घरांतून म्हणतायत. नेटचं काय, कुणाचं पुढे, कुणाचं मागे. मी शंभराव्या नावावर, तर कोपऱ्यावरच्या मॅडम दोनशेव्यावर. शेवग्याच्या बंगल्यातल्या काकूंचं तर म्हणून झालंसुद्धा, पण त्यांचा आवाज माझ्याकडे अजून येतोय. विष्णूला त्या दिवशी हजार नावं कमी पडली असतील."

"मग?"

"मग काय, त्या काकूंनी माइक बंद केला नव्हता ना. स्तोत्र संपलं आणि सगळ्यांना ऐकू गेलं, 'हिचा आवाज काय गं, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा.'"

"अगं बाई! कुणाबद्दल?"

"तेच तर! नाव घेतलं नाही. त्यामुळे बाकीच्या सोळाच्या सोळा जणी रागावल्यात. येत्या गुरुवारी कोण येतंय ते बघायचं." माईंनी एक फूल उचलून परत टोपलीतच टाकलं. "आणि त्यांचा मुलगा? ब्रह्मगिरीच्या फेरीला गेला होता, ते?"

"तिसऱ्या श्रावणी सोमवारी? गेला होता ना. रविवारी रात्री कुशावर्तात बुडी मारून निघाला, मित्रांबरोबर."

"पूर्वी आम्हीही जायचो. अंधार, चिखल, वरून पावसाची रिपरिप, आणि पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवून चालायचं. पाय काय म्हणतायत याकडे लक्ष द्यायला वेळच नसायचा."

"याचं सगळं लक्ष मनगटावर. नवीन घड्याळ घेतलंय, पावलं मोजणारं. दर किलोमीटरला टिंग वाजतं, की हा थांबून फोटो काढणार. पहिन्याच्या पुढे गेला आणि घड्याळाची बॅटरी संपली."

"मग चालायचा थांबला?"

"चालला हो, पूर्ण केली फेरी. पण घड्याळात भरलीच नाही ना! घरी आला, घड्याळ चार्ज केलं आणि दुसऱ्या दिवशी रात्री उरलेली दहा किलोमीटर आपल्या कॉलनीत चालला. मी पाहिलं, डेअरीपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत, ट्रान्सफॉर्मरपासून डेअरीपर्यंत."

माईंनी दोन्ही हात जोडले. "म्हणजे अर्धी प्रदक्षिणा ब्रह्मगिरीला आणि अर्धी ट्रान्सफॉर्मरला. दोघेही जागृतच म्हणा! एक पावणारा, एक चिकटणारा." मग आवाज खाली आला. "आणि तुझे हे? इगतपुरीहून आल्यापासून काही फरक?"

आमचे हे बँकेतून निवृत्त झाले आणि घरात मॅनेजरकी करू लागले. डाळीला फोडणी किती वाजता, गॅस कितीवर, गड्याला सुट्टी कुणी मंजूर केली! शेवटी मीच म्हटलं, विपश्यनेला जा. नाशिकहून इगतपुरी ती काय दूर? धम्मगिरीत १९७६ पासून शिबिरं होतायत, जगभरातून लोक तिथे येतात, आणि आपल्याला इगतपुरी म्हटलं की गाडीच्या खिडकीतून दिसणारं धुकं आठवतं.

"त्या गोएंकागुरुजींचं मला मोठं नवल वाटतं, माई. ब्रह्मदेशात वाढलेला मारवाडी व्यापारी माणूस. डोकेदुखीवर इलाज शोधता शोधता तिथल्या गुरूंकडे पोचले आणि विपश्यनेचेच होऊन गेले. १९६९ साली भारतात येऊन शिकवायला लागले."

"डोकेदुखीवर चालतं ना? मग तू का नाही गेलीस?"

"मी डोकेदुखीलाच पाठवलं."

माई इतक्या हसल्या की प्राजक्ताची फांदी हलली आणि आणखी पंधरावीस फुलं खाली आली. कुणाच्या हद्दीत ते आम्ही पाहिलं नाही.

"दहा दिवसांचं शिबिर. फी नाही. पूर्ण केल्यावर मनात आलं तर दान द्यायचं."

"बँकवाल्याला हे पटलं?"

"इथेच पटलं. पुढचं जड गेलं. पहाटे चारला घंटा. अकरा वाजता जेवण, मग संध्याकाळी पाचला चहा आणि थोडंसं काही, रात्री जेवण नाही. वाचायचं नाही, लिहायचं नाही, बोलायचं नाही, खुणासुद्धा करायच्या नाहीत. मोबाइल पहिल्याच दिवशी जमा."

"आणि करायचं काय?"

"पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. नाकाशी. आत जातो, बाहेर येतो."

"तीन दिवस?"

"ह्यांनी दुसऱ्या दिवशी हिशोब मांडला, मिनिटाला पंधरा श्वास, तासाला नऊशे, म्हणजे दिवसाला किती. मनातच मांडला, कागद जमा होता ना. म्हणाले, मोबाइल जमा करायला खिडकी होती, मन जमा करायला नव्हती. डोळे मिटले की त्यांच्या कानात आपल्या रात्रीच्या मालिकेचं शीर्षकगीत सुरू. चौथ्या दिवसापासून एक तास हात-पाय न हलवता बसायचं, तर ह्यांना त्या तासात १९८८ सालचा एक न जुळलेला ताळेबंद आठवला."

"जुळला का तिथे?"

"जुळला म्हणतात. एवढं तरी मिळालं."

"आणि घरी आल्यावर?"

"शिबिर संपलं, मोबाइल हातात आला. ११०० मेसेज. इगतपुरी ते नाशिक सगळे वाचून काढले, दहा दिवसांपूर्वीच्या 'शुभ सकाळ'सकट. आणि माई, दहा दिवसांचं मौन हे गेले तीन महिने सांगतायत! दूधवाल्याला, कुरियरवाल्याला, चुकीचा नंबर लागलेल्या माणसालासुद्धा."

"अगं, पण राग कमी झालाय हो त्यांचा. परवा आमच्या पाहुण्यांनी गाडी तुमच्या फाटकासमोर लावली, तर काही बोलले नाहीत."

हे खरं आहे. पूर्वी असते तर फाटकावर पाटी लागली असती. मी तसं कबूल केलं, पण कौतुक अर्धवट सोडायची सवय मला नाही. "राग कमी झालाय, पण कामंही कमी झालीत. बेसिनचा नळ महिनाभर गळतोय. म्हटलं, प्लंबरला बोलवा. तर डोळे मिटून म्हणाले, 'अनित्य आहे, जाईल.'"

"गेला का?"

"पाणी जातंय. नळ आहे तिथेच आहे."

माईंनी पदराने डोळे पुसले. मग जरा वेळ फुलांकडे बघत राहिल्या.

"तुला सांगू, आमच्या सासूबाईंची गोमुखी होती, तांबड्या बनातीची. माळ आत, हात आत. का आत, तर कुणाला दिसू नये किती मणी झाले ते. आपल्यालाही दिसू नये. एकशे आठ झाले की मेरुमणी लागतो बोटाला, तो ओलांडायचा नाही, तिथूनच उलट फिरायचं."

"आणि तर्जनी मण्याला लावायची नाही ना?"

"नाही. ती गोमुखीच्या भोकातून बाहेर. आम्हाला वाटायचं, ती मुद्दाम आम्हा सुनांसाठी बाहेर ठेवलीय. कारण तोंडाने जप चालू आणि त्या तर्जनीने, दूध उतू जातंय, तो परकर उलटा वाळत घातलाय, धाकटीला इकडे बोलवा! पूर्ण घर चालवलं त्या एका बोटावर."

"म्हणजे लक्ष जपात नव्हतंच."

"माझं कुठे होतं? सासूबाई गेल्या, गोमुखी माझ्याकडे आली. चाळीस वर्षं जप करतेय, आणि तुला म्हणून सांगते, निम्मा वेळ मी कुकरच्या शिट्ट्या मोजत असते. एकदा माळ पूर्ण झाली तेव्हा तोंडात नाव नव्हतंच, 'तीन झाल्या, बंद कर, तीन झाल्या, बंद कर' एवढंच चालू होतं."

"एकशे आठ वेळा?"

"भात अगदी मोकळा झाला होता त्या दिवशी."

मी हसले, पण माई हसल्या नाहीत. "तुम्ही मोबाइलला नावं ठेवता, की याच्यामुळे मन लागत नाही. मोबाइल कालचा गं. मन तर आधीपासूनच हिंडणारं होतं. पूर्वी आमचं गोमुखीत झाकलेलं होतं, एवढाच फरक. तुमचं उघड्यावर आलं. पावलं किती, दिवस किती, सलग किती, सगळं चारचौघांत. मग लाज वाटते आणि माणूस लेकीला ध्यानाला बसवतो."

"तुम्हीसुद्धा फुलं मोजताच की."

"मोजतेच. काटासुद्धा लावून पाहिला, सांगितलं ना. मी कुठे गोमुखीत हात घालून बसलेय?"

एवढ्यात माझ्या गाऊनच्या खिशात मंजूळ घंटा वाजली. मग त्या बाईचा मधाळ आवाज, आता एका शांत जागी बसा, दहा मिनिटं फक्त स्वतःला द्या.

"ही का तुझी गुरुमाय?"

"हो. सात वाजले म्हणायचे. बसायला हवं, नाहीतर एक्केचाळीसचे शून्य."

"तिला सांग, बसलोय म्हणून. थोडं वेगळं बसलोय."

मी घंटा बंद केली. ऊन भिंतीवर आलं होतं. टोपलीतली फुलं कडेने मऊ पडायला लागली होती आणि खाली दोन्ही अंगणांत अजून बरीच होती. बेसिनचा नळ इथपर्यंत ऐकू येत होता. काही वेळ दोघीही गप्प राहिलो. आमच्या भिंतीच्या इतिहासात असं फार क्वचित घडलंय.

मग माई एकदम दचकल्या. "अगं! कितीवर होते गं मी?"

"तीनशे एकेचाळीस."

"छे, त्यानंतर टाकली मी. तू नळाचं सांगत होतीस तेव्हा बरीच टाकली."

"मग साडेतीनशे धरा."

"धरा? लाखोलीत अंदाजपंचे चालत नाही!" त्यांनी टोपलीत बोटं घातली, फुलं वरखाली केली आणि सोडून दिली. "जाऊ दे. न मोजलेली म्हणून वाहते आजची. त्याला हवं तर तो मोजेल, मी कुठवर पुरणार." टोपली कमरेवर घेऊन त्या वळल्या, दोन पावलं गेल्या आणि परत आल्या.

"आणि हे बघ, माझ्या तीन वाट्या आहेत तुझ्याकडे. दोन स्टीलच्या, एक काठावर चेपलेली पितळेची. पितळेची नागपंचमीपासून आहे."

तो हिशोब बरोबर होता. मी निमूट आत जाऊन वाट्या आणल्या. रिकाम्या कशा द्यायच्या, म्हणून तिन्हींत आमच्या अंगणातली फुलं भरली. मोजली नाहीत.