एडिसनच्या बिऱ्हाडाकडून यवतमाळास : नातीच्या राज्यशास्त्राविषयी खुलासा

एडिसन, न्यू जर्सी
१६ नोव्हेंबर २०२४

ती. आबाजी व ती. सौ. आई यांच्या चरणी एडिसनच्या बिऱ्हाडाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

अमेरिकेतील माध्यमिक शाळांत ‘अमेरिकन शासन आणि राजकारण’ या नावाचा जो प्रगत अभ्यासक्रम शिकवला जातो, त्याविषयी यवतमाळच्या घरात आणि एव्हाना बहुधा संपूर्ण ले-आऊटमध्ये असा समज पसरला आहे की नात डॉक्टरकीची वाट सोडून पुढारी होण्याच्या मार्गाला लागली. हा समज निराधार असून त्याचे निराकरण करणे हा प्रस्तुत पत्राचा मुख्य हेतू होय. समज कोणी पसरवला याची चौकशी येथे केलेली नाही, कारण रविवारच्या फोनवर मागून येणारे धाकट्या काकांचे हसणे पुरेसे स्पष्ट होते.

सदर अभ्यासक्रम ‘एपी’ या वर्गात मोडतो. म्हणजे शाळेत असतानाच महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय घ्यायचा, मे महिन्यात कॉलेज बोर्ड या संस्थेची परीक्षा द्यायची आणि एक ते पाच या श्रेणींपैकी बरी श्रेणी मिळाली तर पुढे अनेक महाविद्यालयांत त्या विषयाची सूट पदरात पाडून घ्यायची. परीक्षा तीन तासांची असून पहिल्या ८० मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न आणि उरलेल्या १०० मिनिटांत चार लेखी उत्तरे असतात. नेमलेल्या वाचनात ९ मूळ दस्तऐवज आणि सर्वोच्च न्यायालयाचे १४ निकाल येतात. निकाल पूर्वी १५ होते, परंतु न्यायालयाने २०२२ साली आपलाच गर्भपातविषयक जुना निकाल फिरवल्यावर यादीतून एक गळाला.

या विषयाची पूर्वतयारी म्हणजे घोकंपट्टी, असे बिऱ्हाडाचे आरंभीचे मत होते, ते आता उरलेले नाही. खरी अडचण अठराव्या शतकातील लांबलचक वाक्यांची आहे. नव्या राज्यघटनेला मान्यता मिळावी म्हणून हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी १७८७-८८ मध्ये ‘पब्लियस’ या टोपणनावाने ८५ लेख लिहिले, त्यांतील चार लेख परीक्षेला आहेत, आणि त्यांना विरोध करणाऱ्या ‘ब्रूटस’ नामक अज्ञाताचाही एक आहे. वृत्तपत्रातून नाव लपवून भांडण्याची ही रीत, गेली कित्येक वर्षे ‘एक जागरूक नागरिक’ या नावाने संपादकांना पत्रे धाडणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापक आबाजींना समजावून सांगण्याची गरज नसावी.

लेखी उत्तरांपैकी चौथे उत्तर म्हणजे युक्तिवादाचा निबंध. त्याला ६ गुण असतात. आपली भूमिका ठामपणे मांडण्याचा १, पुराव्यांचे ३, पुरावा व भूमिका यांची सांगड घालण्याचा १ आणि उरलेला १ गुण प्रतिपक्षाचे म्हणणे नीट मांडून त्याला उत्तर दिल्याबद्दलचा. सरावासाठी नातीने स्वतंत्र विदर्भ हा विषय निवडला, आणि दर दिवाळीत फराळाच्या ताटांवरून आबाजी व धाकटे काका यांच्यात होणाऱ्या वादाच्या जुन्या ध्वनिफिती तिने जावईबापूंच्या मोबाइलवरून काढून अभ्यासल्या. तिचा निष्कर्ष असा की १९५३ चा नागपूर करार, १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने केलेली वेगळ्या विदर्भाची शिफारस आणि १९६२ मध्ये याच प्रश्नावर नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेत गेलेले बापूजी अणे, असे पुरावे हाताशी असल्याने आबाजींना पाच गुण निश्चित आहेत. सहावा मात्र दोघांपैकी कोणालाही, कोणत्याही वर्षी, मिळू शकला नसता.

याच ओघात एक घटनात्मक भेद तिच्या ध्यानात आला, तो नोंदवण्याजोगा आहे. अमेरिकन राज्यघटनेच्या चौथ्या कलमानुसार एखाद्या राज्याच्या हद्दीतून नवे राज्य काढायचे तर काँग्रेसबरोबरच त्या मूळ राज्याच्या विधिमंडळाचीही संमती लागते. भारतीय राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार विधिमंडळाचे केवळ मत मागवले जाते, ते संसदेवर बंधनकारक नसते. आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने विधेयक फेटाळूनही २०१४ साली तेलंगण झाले ते यामुळेच. म्हणजे अमेरिकन पद्धत लागू असती तर विदर्भाचा निर्णय मुंबईत बसलेल्यांच्या मर्जीवर राहिला असता. हे फोनवर कळताच आबाजींचा अमेरिकन राज्यघटनेविषयीचा आदर निम्म्यावर आला आणि काकांचा दुप्पट झाला, याची बिऱ्हाडाने गमतीने नोंद घेतली आहे.

(येथे कुकरच्या तिसऱ्या शिट्टीमुळे लेखनात खंड पडला.)

नऊ दस्तऐवजांत सर्वांत अलीकडचा म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले पत्र. अन्याय्य कायदा उघडपणे, प्रेमाने आणि शिक्षा भोगण्याची तयारी ठेवून मोडावा, हा त्यातील गाभ्याचा विचार होय. किंग १९५९ साली भारतात येऊन गेले होते, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत आटोपते. नातीने मात्र निबंधात १० जुलै १९३० चा दाखला दिला : जंगलाचा कायदा गरिबाच्या गुराला गवताची काडी मिळू देत नाही म्हणून वणीत जन्मलेल्या आणि यवतमाळात वकिली केलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापले आणि अटक करवून घेतली. शिक्षिकेने समासात प्रश्नचिन्ह काढून ‘हे कोण? अधिक सांग’ असा शेरा दिला. मग नातीने पुसद नकाशावर शोधले, तेथील जुलै कसा असतो हे विचारले. तेव्हा जावईबापू ढग, चिखल, गुडघ्याएवढी पऱ्हाटी आणि बांधावरचे गवत असे सांगू लागले, आणि तिच्या आईला अचानक भांडी घासण्याची निकड भासली. भांडी स्वच्छ होती.

आता शुल्काविषयी, कारण त्याचा उल्लेख टाळला तर ती. आईंना चैन पडणार नाही. परीक्षा एकाच विषयाची, शुल्क ९९ डॉलर, म्हणजे आजच्या भावाने आठ हजार रुपयांच्या वर. यंदा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये आहे, तेव्हा एक क्विंटल कापूस घालूनही नातीचा एक पेपर पदरात पडत नाही. त्याहून चीड आणणारी गोष्ट अशी की मे २०२५ मधील परीक्षेची नोंदणी नोव्हेंबरात करावी लागते. कालच्या १५ तारखेनंतर नाव घातले तर ४० डॉलर जादा, आणि नाव घालून परीक्षेला बसले नाही तरीही ४० डॉलर. मे महिन्यात आजारी पडायचे असेल तर त्याचा विचार दिवाळीतच करून ठेवावा, असा या नियमाचा व्यवहारातील अर्थ होतो. विलंब शुल्क आणि अतिविलंब शुल्क यांवर हयात काढलेल्या मुख्याध्यापकांना यात नवे वाटणार नाही; पण त्यांच्या शाळेत फॉर्म राहिलेल्या पोराचे पैसे शेवटच्या दिवशी कोणाच्या खिशातून जात, हे घरात सर्वांना ठाऊक आहे, आणि इकडे तशी सोय नाही.

पेपर संपताच त्याचे छायाचित्र धाडावे, म्हणजे रात्री ताळा करून किती गुण पडतात ते सांगता येईल, ही आबाजींची सूचना मात्र अमलात आणणे अशक्य आहे. एक तर परीक्षा यंदापासून कागदावर नसून संगणकाच्या पडद्यावर आहे. दुसरे असे की बहुपर्यायी प्रश्नांविषयी परीक्षेनंतर कोणाशीही, कधीही, काहीही बोलण्यास विद्यार्थ्याला सक्त मनाई असून उल्लंघन झाल्यास गुणच रद्द होऊ शकतात. पेपरहून आलेल्या लेकराला दारातच अडवून ‘सतराव्याचं काय लिहिलंस?’ असे विचारणे हा ज्या घरात कौटुंबिक हक्क मानला गेला, त्या घराला हा नियम जाचक वाटणे स्वाभाविक आहे. मायलेकींनी मे महिन्यातील ती संध्याकाळ कोणत्या विषयावर बोलून काढावी, याविषयी नियमावली मौन पाळते. निकाल जुलैत लागेल, तोवर आबाजींनी धीर धरावा.

एक विसंगती नमूद करणे आवश्यक आहे. ५ नोव्हेंबरला येथे अध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा बिऱ्हाडातील तिघांपैकी कोणीही मतदान केले नाही : जावईबापू व त्यांची पत्नी ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, त्या रांगेत उभे आहेत जिच्यात कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक जागा येत नाहीत, आणि येथेच जन्मल्याने १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीनुसार नागरिक असलेली नात अद्याप सतरा वर्षांची आहे. घरातील एकमेव भावी मतदार म्हणून तिचा आवाज हल्ली जरा चढा असतो.

फराळाचा डबा पोहोचला. चकल्या शाबूत, अनारशांचे पीठ झाले, जवसाची चटणी अर्धी वर्तमानपत्राने खाल्ली. तेलाने पारदर्शक झालेल्या त्या पानावर सरपंचपदाच्या आरक्षण सोडतीची बातमी होती, ती नातीने चटणी झटकून वाचून काढली. महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत आणि अमेरिकन काँग्रेसमध्ये एकही नाही, हे तिने वर्गात सांगितल्यावर बरीच चर्चा झाली म्हणे. पुढील डबा बांधताना ताजी वर्तमानपत्रे वापरावीत. खेळाचे पान नको.

मोठ्या आजींनी पंच्याऐंशीनंतर मिळणाऱ्या सवलतीने घरी बसून विधानसभेचे मतदान केले, हे वाचून आनंद झाला. परंतु मतदान गुप्त असते, हे अधिकाऱ्यांनी तीनदा सांगूनही त्यांनी चिन्ह मोठ्याने सांगितले, हे काकूंनी ले-आऊटभर करायला नको होते. बंड्याचे जमले ही बातमी उत्तम; मुलगी दारव्ह्याची आहे आणि ‘नोकरी पुण्यात हवी’ अशी तिची अट असेल तर बंड्याने आधी पुण्यात नोकरी पाहावी, अट मागाहून मान्य करावी. मुहूर्त डिसेंबरातला धरल्यास येथून कोणाला येता येणार नाही. मेनंतरचा धरल्यास तिघेही येतील, एवढे कळवून बिऱ्हाड गप्प बसते, दडपण आणण्याचा हेतू नाही. शकुंतला रेल्वे पुन्हा सुरू होणार असल्याचे आबाजींनी यंदाही कळवले, त्याबद्दल आभार.

वेचणीला बाया मिळत नसल्यास भाव पाहत बसू नये, कापूस घरात यावा. आबाजींनी रक्तदाबाची गोळी जेवणानंतर घ्यावी, वादानंतर नव्हे.

कळावे, लोभ असावा.
एडिसनचे बिऱ्हाड

ता. क. — तुरीच्या शेंगा भरू लागल्या असतील. येथील गुजराती दुकानात गोठवलेले सोले मिळतात, पण त्यांच्या सोलेभाताला वास येत नाही. आईंनी फोडणीत नेमके काय आधी घालायचे ते रविवारी सांगावे, आणि त्या वेळी फोन आबाजींकडे देऊ नये.