तळटीपकाका

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत टीव्ही सगळेच बघतात. टीव्हीचा खालचा अर्धा इंच बघणारा माणूस मात्र एकच. जाहिरातीत नटी केस उडवत असते तेव्हा पडद्याच्या तळाशी मुंग्यांची एक ओळ लगबगीनं येते आणि दोन सेकंदांत निघून जाते. तुम्ही-आम्ही तेव्हा केस बघत असतो. काका रिमोटचं बटण दाबून मुंग्यांना जागच्या जागी धरतात, खुर्चीतून उठतात, सदऱ्याच्या खिशातून भिंग काढतात आणि टीव्हीला नाक लावून मोठ्यानं वाचतात, "कंडिशनर नसलेल्या शाम्पूच्या तुलनेत!" मग स्वयंपाकघराकडे वळून, "ऐकलंस का गं? केस दहापट मजबूत. कशापेक्षा, तर ज्यात कंडिशनर घातलाच नाही त्याच्यापेक्षा. म्हणजे मी पळण्याच्या शर्यतीत पहिला आलो. बरोबर कोण पळत होतं? जिन्याचा कठडा!"

लेटरबॉक्सवर त्यांचं व्यवस्थित नाव आहे, पण ते आता फक्त पोस्टमन वापरतो. बाकी सगळ्यांचे ते तळटीपकाका. वजनमापे खात्यात तेहतीस वर्षं निरीक्षक होते. कुणाच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवलाय, कुणी किलोच्या वजनाच्या पोटातलं शिसं कोरून काढलंय, हे त्यांना म्हणे दुकानाच्या पायरीवरूनच कळायचं. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं शाल-श्रीफळ दिलं. ते श्रीफळ घरी आणून काकांनी आधी काट्यावर ठेवलं, असं काकू सांगतात. काका नाकारत नाहीत.

बाजारातली तागडी सुटली आणि हातात रिमोट आला, एवढाच काय तो फरक. 'मापात पाप' हा त्यांचा जुना शत्रू आता नव्या वेशात घरातच येऊ लागला होता. पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा पाच रुपयांचाच राहतो, आतली बिस्किटं तेवढी रोडावत जातात. याची त्यांच्याकडे वही आहे. पुड्यावर छापलेलं निव्वळ वजन तारखेनिशी लिहिलेलं, शेजारी घरच्या काट्यावरचं. 'वीस टक्के जादा' अशा पिवळ्या पट्टीचा पुडा आला की काका पहिला प्रश्न विचारतात, "जादा, म्हणजे कुठल्या सालापेक्षा?" वाण्याच्या पोराला याचं उत्तर येत नाही. तो सुटे पैसे नाहीत असं सांगून आत जातो.

त्यांच्या घरी मी एकदा दुपारचा गेलो होतो. टीव्हीवर फरशी पुसण्याच्या औषधाची जाहिरात चालली होती. पांढरा कोट घातलेला एक देखणा माणूस फरशीकडे काळजीनं बघत होता. ("डॉक्टर नाही, नट आहे. खाली लिहिलंय," काका.) मग ९९.९ टक्के जंतू मेले आणि घरातलं बाळ रांगायला लागलं. काकांनी कागद ओढला.

"समज, फरशीवर दहा लाख जंतू आहेत. ९९.९ टक्के मेले. राहिले किती?"

"हजार," मी म्हणालो.

"हजार! जाहिरातीत तो हजार कुठे दिसतो? सोयीची परिस्थिती मिळाली तर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. हजाराचे दोन हजार, दोनाचे चार. दहा वेळा दुप्पट झाले की पुन्हा दहा लाखांच्या वर. दहा गुणिले वीस, दोनशे मिनिटं. सकाळी नऊला फरशी पुसली, तर बारा वाजून वीस मिनिटांनी सगळी मंडळी परत हजर!"

मी घड्याळाकडे बघून पाय वर घेतले. एवढ्यात दारात बादली घेऊन उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, "मग उद्यापासून पुसू नको का?"

काकांचा हिशेब निरुत्तर होण्याची मी पाहिलेली ती पहिली वेळ. सावरून म्हणाले, "तसं नाही. हे सगळं आदर्श परिस्थितीत. कोरड्या फरशीवर ती नसते." म्हणजे त्यांच्याही गणिताला तळटीप होतीच. काकू आतून म्हणाल्या, "मावशी, तुम्ही पुसा. आदर्श परिस्थिती या घरात कधीच नव्हती."

काकूंची मालिका लागली की काका स्टॉपवॉच घेऊन बसतात. तासाला बारा मिनिटं जाहिराती, त्यातल्या दहा बाहेरच्या आणि दोन वाहिनीच्या स्वतःच्या, हा नियम त्यांना पाठ आहे. मालिकेत सून सासूकडे बघते, सासू नणंदेकडे बघते, विजा कडाडतात, हे काकांना दिसत नाही. घड्याळ बाराच्या पुढे गेलं की मात्र ते शीळ घालतात. जून २०२२ मध्ये केंद्रानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. तळटीप दाव्याच्याच भाषेत हवी, अक्षरही दाव्यासारखंच हवं, असं त्यात लिहिलं होतं. त्या संध्याकाळी काकांनी मजल्यावर पेढे वाटले. मुलगा परदेशी गेला तेव्हा वाटले नव्हते. मुंबईत जाहिरातवाल्यांची स्वतःची एक परिषद १९८५ पासून आहे, तिलाही ते पत्रं धाडतात, आणि पत्राच्या पाकिटावर कधी 'महत्त्वाचे' असं लिहीत नाहीत. "महत्त्वाचं आहे की नाही ते वाचणारा ठरवेल," म्हणतात. एवढा न्यायीपणा मी तरी कुणात पाहिला नाही.

त्यांची आवडती गोष्ट अमेरिकेतली. १९५९ साली तिकडे रॅपिड शेव्ह नावाच्या दाढीच्या क्रीमची जाहिरात टीव्हीवर लागायची. क्रीम चोपडायचं, आणि वस्तऱ्याच्या एका फटक्यात सॅंडपेपरसुद्धा गुळगुळीत. खरा सॅंडपेपर तसा भादरायचा तर तो ऐंशी मिनिटं भिजवावा लागे. जाहिरातीत सॅंडपेपर नव्हताच. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पत्र्यावर वाळू भुरभुरवली होती. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६५ मध्ये कंपनी हरली. ही गोष्ट काका दर महिन्याला सलूनमध्ये, मानेवर वस्तरा असताना, हातवारे करून सांगतात. सलूनवाला आता त्यांना सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणून घेत नाही. हात स्थिरावल्यावर, अकराच्या पुढे बोलावतो.

हा स्वभाव टीव्हीपुरता राहिला असता तरी चाललं असतं. लग्नपत्रिका आली की लोक मुहूर्त आणि कार्यालय बघतात, काका थेट तळाशी जातात. एका पत्रिकेत खाली छापलं होतं, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' आणि त्याखाली चिरंजीवांचं नाव. काकांनी वरपित्याला फोन लावला. चिरंजीवांचं वय विचारलं. आठ महिने. "मग हे वाक्य कोण बोललं?" लग्नात जेवणाच्या पंगतीत आम्हाला मठ्ठा मिळाला नाही, त्याचं मूळ मी तिथे शोधतो.

सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप सुरू झाला तेव्हा काकांना दुसरी नोकरी लागल्यासारखं झालं. पगार नव्हता, पण तपासणीला माल भरपूर. एकानं लिहिलं, या महिन्यात पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवार. असा योग ८२३ वर्षांनी येतो, दहा जणांना पाठवा, धनलाभ होईल. काकांकडे लग्नापासूनची कालनिर्णयं एकाच खिळ्याला टांगलेली आहेत. खिळा भिंतीतून निम्मा बाहेर आलाय. त्यांनी उत्तर टाकलं: एकतीस दिवसांचा महिना शुक्रवारी सुरू झाला की हे होणारच. ऑक्टोबर २०१० मध्ये झालं, जुलै २०११ मध्ये पुन्हा झालं. ८२३ वर्षं नऊ महिन्यांत संपली.

धनलाभाच्या आशेनं दहा जणांना पाठवून बसलेले लोक यावर खूष झाले नाहीत. राष्ट्रगीताला युनेस्कोनं जगात पहिला नंबर दिल्याचा संदेश आला, तेव्हा तर काकांच्या देशप्रेमावरच शंका घेतली गेली. काका म्हणाले, युनेस्को असले नंबर देत नाही. आणि आपलं गीत चांगलं आहे हे कळायला मला पॅरिसचा शिक्का लागत नाही. दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याचं २०१६ मध्ये वृत्तवाहिन्यांवर गंभीर चेहऱ्यानं सांगत होते, तेव्हाही काकांनी एक नोट खिडकीशी धरून तासभर पाहिली आणि निकाल दिला, "यात तार आहे, अक्कल नाही."

मीही सुटलो नाही. दिवाळीत नासानं अंतराळातून टिपलेला भारताचा फोटो मी मोठ्या अभिमानानं ग्रुपवर टाकला होता: सगळा देश रंगीत दिव्यांनी उजळलेला. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. पहाटे साडेपाचला बेल वाजली. मी अंगाला उटणं फासलेल्या अवस्थेत दार उघडलं. दारात काका, हातात छापील कागद.

"तुझ्या चित्रातले पांढरे दिवे १९९२ च्या आधीचे. निळे १९९२ चे, हिरवे १९९८ चे, तांबडे २००३ चे. देशात वस्ती कशी वाढली ते दाखवायला अमेरिकेच्या हवामान खात्याकडच्या शास्त्रज्ञानं बरीच वर्षं जोडून केलेलं चित्र आहे ते. यात एकही पणती नाही. नासाचा २०१२ च्या दिवाळीतला खरा फोटो या कागदावर आहे, बघ. रोजच्यासारखाच दिसतो देश. पणतीचा उजेड तिथवर पोचत नाही."

"काका, ते… आलं होतं मला," मी म्हणालो.

हे दोन शब्द त्यांच्यापुढे उच्चारू नयेत. "आलं होतं म्हणजे? पाऊस येतो. पाहुणा येतो. माहिती आणावी लागते!" एवढं बोलून त्यांनी मला दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या आणि माझ्या उटण्याच्या हातात कागद देऊन ते गेले.

खरं सांगायचं तर काका मला आवडतात, आणि त्यांच्यातली खोट मला बरीच वर्षं दिसली नव्हती. त्यांना खोटं पकडल्याचा आनंद होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो आनंद इतका गोड असतो, की 'अमुक गोष्ट खोटी आहे' असं कुणी सांगितलं की काका भिंग खिशातच ठेवतात. खरेपणाचा दावा असला तर दहा पुरावे मागतील; खोटेपणाचा दावा विनातपासणी पास.

हे उघड झालं गेल्या २६ जानेवारीला. ध्वजवंदनानंतर काका दर वर्षी 'डोळस नागरिक' या विषयावर पंधरा मिनिटं बोलतात आणि तेवढ्यात बटाटेवडे गार होतात. सुरुवात झकास झाली. १९५७ साली अमेरिकेत जेम्स व्हिकारी नावाच्या माणसानं सिनेमाच्या पडद्यावर डोळ्यांना कळणार नाही इतक्या झटकन 'पॉपकॉर्न खा' असं चमकवून विक्री वाढवल्याचा दावा केला, जग हादरलं, आणि १९६२ मध्ये त्यानंच तो बनाव असल्याचं कबूल केलं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी काका पालकावर आले.

"पालकात लोह, पालकात लोह! कुणी सांगितलं? १८७० मध्ये एका जर्मन शास्त्रज्ञानं पालकातलं लोह मोजलं आणि लिहिताना दशांशचिन्ह एक घर सरकलं. आकडा दहापट! त्या चुकीवर पॉपाय जन्माला आला, आणि त्या पॉपायच्या जिवावर तुम्ही पोरांच्या घशात पालक कोंबताय!"

आयुष्यभर दशांशचिन्हांवर पहारा दिलेल्या माणसाला ही गोष्ट किती प्यारी असेल! बोलताना त्यांचा आवाज कापरा झाला होता. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दुपारी तीन घरांत पालकपनीरचा बेत रद्द झाला.

काकांची नात नववीत आहे. संध्याकाळी मी वर्गणीचे पैसे द्यायला गेलो, तेव्हा ती मोबाइल घेऊन त्यांच्यासमोर बसली होती.

"आबा, हे दशांशचिन्ह सापडत नाहीये."

"सापडत नाही म्हणजे?"

"१९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका डॉक्टरनं ही गोष्ट लिहिली. पुरावा दिला नाही. मग सगळे त्यावरून लिहीत सुटले. २०१० मध्ये माईक सटन नावाच्या गुन्हेगारीशास्त्राच्या अभ्यासकानं मागे जाऊन शोधलं, तर चिन्ह सरकल्याचा पुरावाच नाही. आणि पॉपाय १९३२ च्या चित्रपट्टीत स्वतःच सांगतो की तो पालक जीवनसत्त्व अ साठी खातो. पालकातलं लोह अंगाला कमी लागतं हे खरं आहे, पण त्याचं कारण वेगळंय. तू कुठे वाचलंस हे?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, लावला.

"ते… आलं होतं," ते म्हणाले.

खोलीत इतकी शांतता झाली की खिळ्यावरची कालनिर्णयं हलल्याचा आवाज आला. नात गोड आवाजात म्हणाली, "आबा, दुकानदारांच्या काट्यांची तुम्ही ठरावीक मुदतीनं पडताळणी करायचात ना? तुझ्या काट्याची शेवटची कधी झाली?" मी वर्गणी टेबलावर ठेवली आणि पावती न घेता निघालो. काकांच्या घरातून पावती न घेता निघणारा मी पहिलाच असेन.

दोन दिवस ग्रुप सुना होता. कुणीतरी मुद्दाम 'केळं आणि दूध एकत्र घेतल्यास' असा संदेश टाकून पाहिला, तरी काका आले नाहीत. तिसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर त्यांच्या सहीचा कागद लागला: रविवारी पाण्याच्या टाक्या धुण्यात येतील, सभासदांनी पाणी भरून ठेवावे. अक्षर टपोरं, लांबून वाचता येईल असं. मात्र कागदाच्या अगदी खालच्या कडेला मला मुंग्यांची एक ओळ दिसली. मी फुंकर मारली. हलली नाही. वॉचमनला दाखवलं, तो म्हणाला प्रिंटरची शाई सांडली असेल.

मी वर जाऊन काकांची बेल वाजवली. "काका, जरा भिंग देता का? बोर्डावरचं वाचायचंय."

काकांचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला. "भिंग? ते दुरुस्तीला दिलंय."

त्यांच्या पाठीमागून नातीनं मोबाइल उंच धरला. बोर्डाचा फोटो, बोटांनी मोठा केलेला: '* दि. २६ जानेवारीच्या भाषणातील पालकातील लोहासंबंधीचे विधान मागे घेण्यात येत आहे. तसदीबद्दल क्षमस्व.'

काका जिन्याच्या कठड्याकडे बघत उभे राहिले. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, मग आज पालक करू का मेथी, ते एकदा मोठ्यानं सांगा."