स्क्रॅच

आमच्या मोशीच्या सोसायटीत त्याचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलंय. बाकी सगळे त्याला 'स्क्रॅच' म्हणतात, आणि हे नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलंय. मोबाइलवर काहीही ऐकवायचं झालं की आधी बजावतो, "काका, हा नुसता स्क्रॅच आहे हं. फायनलला खरी व्हायोलिन्स येणार." गेली सात वर्षं मी त्या व्हायोलिन्सची वाट पाहतोय. नाशिक रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली असावीत.

पोटासाठी तो चाकणच्या एका कंपनीत बंपर तपासतो. ट्यूबलाइटच्या रांगेखाली उभं राहून रंगावरचे स्क्रॅच हुडकायचे, सापडला की लाल टॅग लावून माल रिवर्कला पाठवायचा. दिवसभर लोकांचे स्क्रॅच पकडतो आणि रात्री घरी येऊन स्वतःचे तयार करतो.

व्हायचंय त्याला सिनेमा-मालिकांचा संगीतकार. त्यासाठी एक लॅपटॉप, 25 पट्ट्यांचा कीबोर्ड, हप्त्यांवर घेतलेला माइक आणि आतली खोली एवढा संसार. खोलीतला आवाज घुमू नये म्हणून त्याने भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. वडील माळकरी, आळंदीची वारी न चुकवणारे. संध्याकाळी कामावरून आले, दारात थबकले आणि चप्पल न काढताच म्हणाले, "एक तर हे राहतील, नाहीतर मी." "अहो बाबा, रिकामे आहेत!" हा खुलासा काही उपयोगी पडला नाही. आता भिंतींवर आजीच्या गोधड्या आहेत. आवाज झकास येतो, पण थंडी पडली की स्टुडिओ एकेक करून पलंगावर जातो.

दुसरी अडचण मागच्या शेडमधल्या पॉवर प्रेसची. तिचा ठोका सकाळी सुरू होतो तो रात्रीपर्यंत, आणि नकळत त्याच्या प्रत्येक चालीत शिरतो. प्रेमगीत असो, युद्ध असो की अंगाई, लय तीच. भोसरी-एमआयडीसीकडची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, त्यामुळे प्रेसही गुरुवारी गप्प आणि हाही गुरुवारी घरी. थोडक्यात, त्याची कारकीर्द आठवड्यातून एक दिवस, तीही संध्याकाळच्या दत्ताच्या आरतीआधी, पुढे सरकते.

गाण्याला शब्द नसतात तेव्हा संगीतकार डमी बोल घालतात म्हणे. याचे डमी बोल कंपनीतले. "डावा बंपर, उजवा बंपर, रिवर्कमध्ये हरवले मी" ही विरहिणी त्याची आई भाकरी थापताना अगदी डोळे भरून गुणगुणते.

सिनेमाला त्याच्याबरोबर जाऊ नये. नायिका मरत असते आणि हा कानात कुजबुजतो, "चेलो ऐकला?" शेवटची पाटी सरकून जाईपर्यंत उठत नाही; झाडूवाल्या मावशी आपल्या पायांवरून झाडून पुढे जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर चाल पाठवली की खाली सक्त ताकीद: 'हेडफोन लावून ऐका.' आम्ही ती भज्यांच्या कढईशेजारी ऐकतो आणि 'अप्रतिम' असं कळवतो. काय चाललंय विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अंधेरीला बोलणं चालू आहे."

निराश मात्र होत नाही. "अजय-अतुल कुठे वाढले? राजगुरुनगर, जुन्नर, शिरूर, घोडेगाव! वडील महसूल खात्यात. आणि 2016 ला 'सैराट'चा वाद्यवृंद थेट अमेरिकेत, सोनीच्या स्टुडिओत!" मग आवाज खाली आणून, "राजगुरुनगरहून पुण्याला जायचं तर मोशीवरूनच जावं लागतं ना, काका?" जाता-येता त्यांच्या पिशवीतून थोडं इथे सांडलं असणारच, अशा खात्रीने.

वडिलांचा आदर्श वेगळा. "केशवराव भोळ्यांनी 1936 साली प्रभातच्या 'संत तुकाराम'ला संगीत दिलं. त्यातला शांताराम आठवल्यांनी लिहिलेला अभंग लोक अजून तुकोबांचाच समजतात. असं काही कर. नाव नाही राहिलं तरी चालेल."

"नाव नाही राहिलं तर आयपीआरएसला काय कळवू?"

आयपीआरएस म्हणजे रॉयल्टी गोळा करणारी संस्था, आणि रॉयल्टी हा त्याचा आवडता विषय. 2012 साली कायदा बदलला, आता संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क निर्मात्याला लिहून देता येत नाही, हे त्याने भाजीवालीलासुद्धा समजावून सांगितलंय. तिने मेथीची जुडी वर घातली. प्रत्यक्षात पहिलं काम आलं तेव्हा मात्र पठ्ठ्याने कागद न वाचताच सही ठोकली. पेन माझंच होतं.

आईची कसोटी सगळ्यांत कडक. "1999 ला 'आभाळमाया' लागायची. अशोक पत्कींचं ते गाणं सुरू झालं की मी गॅस बारीक करून, हात पुसत बाहेर यायचे. तुझं वाजल्यावर बायकांनी गॅस बारीक केला पाहिजे."

तर ते पहिलं काम. एका मालिकेत सासऱ्याचं निधन, ओळखीच्या ओळखीतून निरोप: "अजय-अतुलसारखं हवं, पण वेगळं हवं, आणि संध्याकाळपर्यंत हवं." नशिबाने गुरुवार होता. त्याने रजई डोक्यावर घेऊन बासरी वाजवली, घामाघूम होऊन बाहेर आला आणि 'हा स्क्रॅच आहे, फायनल उद्या देतो' असं लिहून पाठवून दिली. उद्याची वाट कोण बघतो? भाग दुसऱ्याच दिवशी जायचा होता. त्यांनी तोच लावला.

स्क्रॅचच्या दिवाणखान्यात आम्ही चौदा जण आणि पेढ्यांचा पुडा. सासरे गेले. बासरी आली. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "सुरू झालं का?" तेवढ्यात संपलंही. अकरा सेकंद. पण त्या अकरा सेकंदांत, सून पदर तोंडाला लावते नेमक्या त्या क्षणी, मागे काहीतरी लांबून हुंदका दिल्यासारखं वाजलं.

"अगं बाई," आई ओरडली, "माझा कुकर!"

टाळ्या पडल्या. स्क्रॅच कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. "काका, तो स्क्रॅच होता," एवढंच म्हणाला. रात्री दिग्दर्शकाचा फोन आला. बासरीबद्दल तो काही बोलला नाही. मागचं ते हुंदक्यासारखं वाद्य कोणतं, तेवढं विचारत होता. पुढच्या आठवड्यात सासूबाई जाणार आहेत, तेव्हा तेच हवंय.

पुढच्या गुरुवारी मी पेन परत मागायला गेलो. आतून आवाज येत होता.

"आई, कुकर लाव ना."

"अरे, डाळ-भात सकाळीच झाला."

"मग नुसतं पाणी ठेव. आणि गॅस बारीक."