दहा बाय दहात दोन घरे

आभासी आणि प्रत्यक्ष जगणे एकाच छताखाली आणणारे घर कसे बांधावे, हे विचारायला लोक कॅलिफोर्नियाला जातात. एवढ्या लांब जायची गरज नाही, भिवंडीच्या अंजूरफाट्याला उतरावे. मार्च 2021मध्ये क्रिस्टा किम या कलावतीचे ‘मार्स हाउस’ नावाचे, केवळ संगणकात उभे असलेले घर पाच लाख डॉलरच्या आसपास विकले गेले, त्याच वर्षी ऑक्टोबरात फेसबुकने ‘मेटा’ असे नाव धारण केले आणि विटेवाचून घर बांधण्याची विद्या सापडल्याचा गवगवा झाला. भिवंडीत या विद्येचा वापर रोज चालतो. यंत्रमाग कामगाराचे अंग शांतीनगरच्या खोलीत असते आणि संसार आझमगढला. दोन्ही जोडणारा दरवाजा खिशात मावतो. पुढील मार्गदर्शन या स्थानिक अनुभवावर बेतलेले असून त्याचे सांगणे एकच आहे: आभासी जागेमुळे खरी जागा वाचत नाही. आभासी जागाच खरी जागा मागते, आणि आपल्या घरात ती मिळाली नाही तर दुसऱ्याच्या वाट्यातून घेते.

प्रथम टेप घेऊन खोली मोजावी. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घरात एकच खोली असेल तर ती किमान साडेनऊ चौरस मीटरची हवी, म्हणजे जवळजवळ आपली दहा बाय दहा फुटांची. आभासी जग दाखवणारा क्वेस्ट हेडसेट घालून फिरायचे असेल तर मेटा कंपनी दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जमीन ठेवायला सांगते. याचा अर्थ खोलीचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग कल्पनाशक्तीसाठी राखीव ठेवावा. उरलेल्या भागात मोरी, ओटा, पाण्याचे पिंप, गाद्यांची चवड आणि कुटुंब यांची शिस्तीत मांडणी करावी. हेडसेट घातलेल्याला पिंप दिसत नाही, परंतु पिंप त्याला लागते, हे ध्यानात ठेवून अंतराळात जाण्यापूर्वी सासऱ्यांना ओट्यावर बसवावे. ॲपलचा व्हिजन प्रो हेडसेट फेब्रुवारी 2024मध्ये 3,499 डॉलरला, म्हणजे सुमारे तीन लाख रुपयांना अमेरिकेत बाजारात आला. तो घेतल्यास बसल्या जागी भिंतीएवढा पडदा दिसतो, त्यामुळे खरी भिंत पोपडे धरत असल्याचे दिसत नाही. रंगकामाची बचत हिशेबात धरावी.

जमीन पुरत नसल्यास घड्याळाने भिंत घालावी. हे तंत्र संपूर्ण भिवंडीचे आहे आणि त्यावर कोणाचे पेटंट नाही. माग बारा-बारा तासांच्या पाळीत चालतात, म्हणून एकाच गादीवर दिवसपाळीवाला रात्री आणि रातपाळीवाला दिवसा झोपतो. चादर तीच, उशी तीच, राहणारा मात्र वेगळा. स्वयंपाकघराला या आराखड्यात जागाच नाही, कारण ते भिस्सीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत असते. महिन्याचे पैसे द्यावेत, पाळी सुटली की जेवून यावे. झोपायला एक जागा, जेवायला दुसरी, कमवायला तिसरी आणि घर म्हणावे ते पडद्यावर, अशी वाटणी करणाऱ्याला परदेशात वास्तुविशारद म्हणून फी मिळाली असती. इथे त्याला मीटरमागे मजुरी मिळते.

यावर पहिला आक्षेप येईल तो गंभीरपणे घ्यायला हवा. ज्याला खरे घर परवडत नाही त्याला आभासी का होईना, घर मिळते; रात्री मुलीचा चेहरा दिसतो, तिची वही तपासता येते, हे काय कमी आहे? मुळीच कमी नाही. पण त्या भेटीला लागते काय ते पाहावे. बोलणे ऐकू येईल एवढी शांतता लागते, आणि मागांच्या खडखडाटाशेजारी ती मिळत नाही. बायकोशी दोन शब्द बोलण्यापुरता आडोसा लागतो, आणि शेजारी चौघे झोपलेले असतात. म्हणून माणूस फोन घेऊन गल्लीत येतो, रिकाम्या हातगाडीवर बसतो आणि तिथे त्याची बैठकीची खोली सुरू होते. पडदा खोली देत नाही, खोली असेल तरच पडद्याचा उपयोग होतो.

दुसरा आक्षेप तंत्रप्रेमींचा: आज महाग आहे, उद्या स्वस्त होईल. याचे उत्तर भिवंडीने आधीच देऊन ठेवले आहे. जानेवारी 2007मध्ये शहराचे वीजवितरण टोरंट पॉवर या कंपनीकडे गेले. बिलांवरून आजही भांडणे होतात, पण भारनियमन मागे पडले. सप्टेंबर 2016मध्ये जिओ आले आणि डेटा चहाच्या भावात मिळू लागला. आभासी घराचे सामान असे एकेक करून स्वस्त झाले. खोली स्वस्तही झाली नाही आणि मोठीही झाली नाही. जे स्वस्त झाले त्यात माणूस राहू शकत नाही, हा किरकोळ दोष दूर होईपर्यंत धीर धरावा.

आता सामानाचे पाहू. संमिश्र घरात कपाट नसावे. लागेल ते बोट दाबून मागवावे. तरीही कपाट कुठेतरी असावेच लागते, आणि मुंबई-ठाणेकरांचे कपाट माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा या गावांत आहे. मुंबईची जकात चुकवून माल वेशीबाहेर ठेवायचा म्हणून इथे गोदामे आली. जुलै 2017मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामे मात्र वाढतच राहिली. भातशेतीवर उभ्या राहिलेल्या नव्या गोदामांत दहा-दहा मीटर उंचीपर्यंत रॅक चढतात. संहितेला राहत्या खोलीची उंची पावणेतीन मीटर पुरते. म्हणजे खोक्यातल्या पंख्याला दहा मीटर आणि पंख्याखाली झोपणाऱ्याला पावणेतीन. शहरातला सुटसुटीत, सामानविरहित दिवाणखाना हा भिवंडीच्या जमिनीवर उभा आहे, म्हणून त्याच्या नकाशात माणकोली दाखवणे बंधनकारक करावे.

बांधकामाच्या बाबतीत मात्र कोणतीही कल्पकता दाखवू नये. सप्टेंबर 2020मध्ये पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पहाटे झोपेतल्या माणसांसह कोसळली. एप्रिल 2023मध्ये वळपाड्याची वर्धमान इमारत पडली. तिथे खाली गोदाम होते आणि वर माणसे राहत होती. दरवर्षी पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा लावते आणि पर्यायी जागा नसल्याने अनेक भाडेकरू तिथेच राहतात. खांबाला पडद्यावर आधार देण्याची सोय अजून निघालेली नाही.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर आराखडा सोपा आहे. प्रत्येकाला स्वतःची गादी, आवाज अडवणारी भिंत, एक खिडकी आणि आतून कडी लागणारे दार इतके काढावे व मंजुरीला पाठवावे. त्यात आभासी काहीच नाही अशी हरकत कोणी घेतली, तर भिवंडीत राहणाऱ्या बहुतेक कामगारांसाठी यातले सगळेच अजून आभासी आहे, असे लेखी उत्तर द्यावे.