बागेची वही

बाल्कनीतल्या बागेची वही बहुधा मृगाच्या सुमारास जन्माला येते. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलांच्या वह्यांबरोबर एक जास्तीची वही घरात येते. तिला कव्हर घातलं जातं आणि पहिल्या पानावर पट्टीनं रकाने आखले जातात: झाडाचं नाव, कुठून आणलं, लावल्याची तारीख, खत, छाटणी, शेरा. अक्षर जुलैपर्यंत वळणदार असतं. गणपतीत पानावर मातीचा अंगठा उमटतो आणि नवरात्रात त्याच वहीत मागच्या बाजूनं दुधाचा हिशेब सुरू होतो.

तरी जेवढं लिहून होतं, तेवढ्यातही मौज असते. नर्सरीतून आणलेल्या रोपाची किंमत निम्मी लिहिलेली असते, कारण वही घरातले सगळेच वाचतात. आत्याकडचा अनंत, वरच्या मजल्यावरच्या काकूंची शेवंती, या नोंदी ठळक. मनीप्लांटपाशी मात्र पेन अडखळतं. चोरून आणलेला मनीप्लांटच फोफावतो, असं सगळेच म्हणतात. त्यामुळे 'कुठून आणलं'च्या खाली कोणा बंगल्याच्या कुंपणाचा पत्ता न देता 'प्राप्त' एवढाच शब्द येतो. आमचा जोमानं वाढतोय, यावरून काय ते समजावं.

नावांचा रकाना त्याहून अवघड. नर्सरीवाल्याच्या लेखी झाडं दोनच प्रकारची: 'बारमाही' आणि 'इंग्लिश फूल'. घरी येऊन आपण आइस्क्रीमच्या काडीवर मार्करनं नाव लिहून ती कुंडीत खोचतो. उन्हानं मार्कर उडतो आणि उरते कोरी काडी. शिसपेन्सिलीचं अक्षर टिकतं, ग्राफाइटला उन्हाचं काही वाटत नाही. पण पेन्सिलीनं लिहिलेलं ते कच्चं, ही शाळेतली शिकवण जन्मभर सुटत नाही.

आमच्या आजीला वही लागत नसे. "अनंत कधी लावला?" असं विचारलं की म्हणायची, "धाकट्याच्या मुंजीच्या वर्षी." आणि मुंज कधी झाली? "अनंताला पहिली कळी धरली ना, त्याच वर्षी!" या दप्तरात इसवी सनाला प्रवेश नव्हता, पण कुठल्या झाडाला कधी काय हवं, याचा विसर तिला कधी पडला नाही.

वहीचं ब्रह्मकमळाशी मात्र जमत नाही. आपल्याकडे कुंड्यांमधून ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात, तो मेक्सिकोकडचा एक निवडुंग आहे. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळंच. कुंडीतलं हे वर्षातून एकदाच फुलतं, अशी ख्याती. म्हणून कळी फुगली की अर्ध्या रात्री शेजाऱ्यांना बोलावणं जातं, हळदकुंकू वाहिलं जातं, मसाला दूध होतं. वहीत पाहावं तर जुलैत फुललं, ऑगस्टमध्ये फुललं, सप्टेंबरात पुन्हा फुललं. हे कळल्यावर घरातून सूचना आली की शेजाऱ्यांना वही दाखवू नये.

या छंदातला थोर माणूस म्हणजे टॉमस जेफरसन. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिण्याच्या दहा वर्षं आधी, ३० मार्च १७६६ रोजी, त्यानं आपल्या बागवहीत पहिली ओळ लिहिली: जांभळी हायसिंथ फुलू लागली. पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला, निवृत्त झाला, तरी खंड पडत पडत ही वही १८२४ पर्यंत चालली. खणायला, पाणी घालायला त्याच्याकडे गुलाम माणसं राबत. लिहायचं काम तेवढं त्याचं. पण एक गोष्ट त्याच्याकडून घ्यावी. मे १७७४ मध्ये अवेळी हिम पडलं आणि जवळजवळ सगळं जळून गेलं, तेव्हा त्यानं तसंच लिहून ठेवलं. कुठलं बी फुकट गेलं, तेही त्याच्या नोंदींत आहे.

आपलं घोडं इथंच अडतं. आपल्या वहीत जन्माच्या नोंदी चोख, मृत्यूचा रकानाच नाही. वाळून काडी झालेल्या गुलाबापुढे 'विश्रांती' लिहिलेलं असतं. काडी उपटायला गेलं की घरातलं कुणीतरी ओरडतं, "राहू दे, खालून फुटेल!" म्हणून ती 'निरीक्षणाखाली' राहते. केवळ वही वाचली तर आमच्या बाल्कनीत एक अभयारण्य आहे, आणि त्यात लव्हेंडरची सात-आठ झाडं घमघमताहेत. प्रत्यक्षात त्या जागी रिकाम्या कुंड्यांची चळत आहे. लव्हेंडरला मुळाशी कोरडेपणा लागतो आणि आमच्याकडे पाऊस चार महिने मुक्कामाला असतो. थंडीत आणलेलं रोप श्रावण काही बघत नाही.

म्हणून यंदा वहीत एक रकाना वाढवला आहे: 'कशानं गेलं'. पाणी जास्त, पिठ्या ढेकूण, गावाला गेलो होतो, शेजाऱ्यांवर सोपवलं होतं (हे बारीक अक्षरात). हा एकच रकाना बाकी सगळ्यांपेक्षा जास्त शिकवतो. काय आणू नये, हे तिथं स्पष्ट लिहिलेलं असतं. फक्त नर्सरीत जाताना ही वही बरोबर नेणारा माणूस अजून जन्मायचा आहे. आणि तो जन्मला, तर नर्सऱ्या चालायच्या कशा?