उणे पंधराशे

शेकडेवारी हा माझा हातखंडा विषय. अमरावतीच्या एका शाळेत बत्तीस वर्षं मी नफा-तोटा, सूट आणि सरळव्याज शिकवलं. 'दुकानदार आधी 20 टक्के सूट देतो, उरलेल्या किमतीवर आणखी 10 टक्के, तर एकूण सूट किती?' हा माझा ठेवणीतला प्रश्न. 'तीस' म्हणणारा पोरगा तास संपेपर्यंत बाकावर उभा. उत्तर 28 आहे. अशी पाचसहाशे पोरं तरी माझ्या कारकिर्दीत बाकावर उभी राहिली असतील. त्यांचे तळतळाट कुठं साचले होते ते मला यंदा कळलं.

आमची गाडी बाराशे सीसीची, पाच वर्षं पूर्ण झालेली. पाच वर्षांत एकही क्लेम नाही, म्हणून नो क्लेम बोनस 20, 25, 35, 45 असा चढत 50 टक्क्यांवर जाऊन बसला होता. तो मी पोस्टातल्या मुदत ठेवीसारखा जपला. राजापेठेत एका ऑटोनं दार खरचटलं तेव्हा दोन हजार खिशातून भरले, पण बोनसला हात लावला नाही. इथवर माझं चुकलेलं नव्हतं, हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे अशी संधी येणार नाही.

इन्शुरन्सचं सगळं आमचे जुने एजंट पाहायचे. दरवर्षी फोन करायचे, आकडा सांगायचे आणि म्हणायचे, "सर, फुल आहे. टेन्शन नका घेऊ." यंदाचा आकडा 10,491. निवृत्त माणसाला चार आकड्यांवरून पाच आकड्यांवर जाणं सोसत नाही. "आता मीच करतो ऑनलाईन," मी म्हणालो. एजंट बिचारे म्हणाले, "करा सर. पण तारीख पाहजा."

तारखेचं नंतर सांगतो.

रोज रात्री जेवण झालं की मी मोबाइल, चष्मा आणि शंभर पानी वही घेऊन बसायचो. पहिला शोध असा लागला की थर्ड पार्टीत घासाघीस चालत नाही. आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई मिळावी, म्हणून 1988 च्या मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा केलेला हा भाग. त्याचा दर सरकार ठरवतं. माझ्या गाडीच्या गटाला तो जून 2022 पासून 3,416 रुपये, कंपनी कोणतीही घ्या. म्हणजे कात्री लावायची ती 'ओन डॅमेज'लाच, आपल्या स्वतःच्या गाडीच्या विम्याला.

तिथं गाडीची किंमत कमीजास्त करायची एक पट्टी होती. ती डावीकडे सरकवली की प्रीमियम उतरतो. मी सरकवत गेलो. बरीच उतरल्यावर लक्षात आलं की गाडी चोरीला गेली तर एवढेच पैसे हातात पडतील. वऱ्हाडात मालाचा भाव पाडायला व्यापारी असतो. कास्तकाराच्या पोटी जन्मलेला मी आपल्याच मालाचा भाव आपल्याच बोटानं पाडत बसलो होतो. वडील आठवले. पट्टी मुकाट्यानं जागेवर आणून ठेवली. मग पुण्याच्या एआरएआयनं मान्य केलेलं चोरीविरोधी यंत्र बसवलं तर अडीच टक्के सूट, असं वाचलं. दुकानदारानं यंत्राचे साडेतीन हजार सांगितले. माझ्या ओन डॅमेजच्या आठ हजारांवर अडीच टक्के म्हणजे वर्षाला दोनशे. साडेसतरा वर्षांत यंत्राचे पैसे फिटतील, असा हिशेब मी वहीत खरोखर मांडला होता.

शेवटी तो चौकोन सापडला: व्हॉलंटरी डिडक्टिबल. अपघात झाला तर पहिले इतके रुपये मी स्वतः सोसीन, असं आपण कंपनीला लिहून द्यायचं, की कंपनी खूष होऊन सूट देते. मी एकदम पंधरा हजार निवडले. सूट 35 टक्के, जास्तीत जास्त अडीच हजार. पाच वर्षांत गाडीला काही झालं नाही, आता काय होणार? त्याच झपाट्यात झिरो डेपची, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणाऱ्या सोयीची, खूणही काढून टाकली, तिचे अकराशे वाचले. आकडा आला 7,718.

अडीच हजारांची सूट मिळवली, हे मी दोन दिवस सगळ्या कॉलनीला सांगितलं. तिसऱ्या रात्री वहीत पाहिलं तर सूट आधी वजा झाली होती आणि उरलेल्यावर 50 टक्के बोनस. बोनस तसाही मिळणारच होता. म्हणजे माझ्या पदरात अडीच हजार नव्हे, त्याच्या निम्मे, साडेबाराशे. मी 'तीस' म्हणालो होतो. खोलीत बाक नव्हता म्हणून खुर्चीवरून उठलो आणि पाणी पिऊन आलो.

आता तारीख. ही सगळी तुलना बारा रात्री चालली आणि जुनी पॉलिसी पाचव्या रात्रीच संपली होती. दहाव्या दिवशी इर्विन चौकात शिट्टी वाजली. हवालदारांनी कागद पाहिला. मी म्हटलं, "साहेब, पन्नास टक्के बोनस आहे माझा." ते म्हणाले, "काका, बोनस घरी ठेवा. इन्शुरन्स दाखवा." कलम 196, पहिल्या वेळचा दंड दोन हजार. बोनस वाचला, कारण मुदत संपल्यापासून 90 दिवसांत नूतनीकरण केलं तर तो टिकतो; पण खंड पडला म्हणून गाडीभोवती फिरून तिचा व्हिडिओ काढून पाठवावा लागला. जीएसटी धरून एजंटच्या आकड्यापेक्षा माझे 2,773 वाचले होते. त्यातून दंड वजा करून हिनं उत्तर काढलं, "सातशे त्र्याहत्तर." तिचं शिक्षण बी.ए., मराठी.

तरी मी अकोल्याला साळ्याला फोन करून सगळी युक्ती समजावून सांगितलीच. तो सरकीचा व्यापारी, त्याला कुठला वेळ. म्हणाला, "जवाईबुवा, माह्या गाडीचा बी करून टाका ना. तुमच्यासारखाच." मी पुढच्या अर्ध्या तासात करून टाकला.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला आम्ही अकोल्याला निघालो. हा रस्ता जगप्रसिद्ध आहे. जून 2022 मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात, एका लेनच्या हिशेबानं 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीच्या रस्त्यानं गेलेल्या माणसाला अकोल्यात पोचल्यावर आधी कंबर शेकावी लागायची. ही माहिती मी हिला दरवेळी बडनेरा सोडलं की सांगतो. माना मागे पडलं, विक्रमाची हद्द संपली, दिवेलागण झाली होती, आणि उजव्या हाताच्या कपाशीतून रोही आला.

नीलगायीचा निळसर करडा, घोड्याएवढा नर. तो धावत नव्हता. दुभाजक ओलांडून मधोमध उभा राहिला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी ब्रेक दाबला. त्यानं वळून मागचा भाग गाडीच्या नाकावर टेकवला, असं मला वाटलं. आवाज मात्र पत्र्याच्या शेडवर पोतं पडल्यासारखा झाला. मग तो डाव्या हाताच्या सोयाबीनमध्ये निघून गेला. लंगडत नव्हता. जाळीत त्याचे चार राठ केस अडकले होते. पीक खाल्लं असतं तर वनखात्याकडे अर्ज करता आला असता.

जठारपेठेत एका डोळ्यानं पोचलो. सासूबाईंनी मीठ-मिरच्या आणून आधी गाडीची दृष्ट काढली आणि मग मला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी आंबील, पुरण, सोळा भाज्या. पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या प्रत्येकानं रोही केवढा होता हे विचारलं आणि मी दरवेळी त्याला थोडा वाढवला. "खर्चाचं काय?" कुणीतरी म्हणालं. "इन्शुरन्स आहे ना," मी पुरणावर तूप घेत म्हणालो.

तिसऱ्या दिवशी गॅरेजातल्या पोरानं कागद पुढे केला. बंपर 4,200, हेडलाइट 5,600, बॉनेट 7,000, मजुरी आणि रंग 6,000. एकूण 22,800. शेजारच्या रकान्यात कंपनी काय मानते ते: प्लास्टिकला निम्मे, म्हणून 2,100 आणि 2,800. पाच वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्याला 40 टक्के घसारा, म्हणून 4,200. रंगातले सहाशे कापून 5,400. बेरीज 14,500.

"यातून एक हजार सक्तीचे जातेत," पोरगा म्हणाला. "अन् पंधरा हजार तुमी सोताहून लिहून देलेले दिसतेत."

"मग कंपनी किती देते?"

त्यानं कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. पडद्यावर 1,500 होते आणि त्यांच्या आधी एक आडवी रेघ होती.

"सर, काईच नाही देत. उलटे तुमच्याकडंच पंधराशे निघतेत." तो हसला नाही. पोरगा गुणी होता. आमच्या शाळेत असता तर मी त्याला बाकावर उभं केलं नसतं.

त्याच कागदाच्या पाठीमागे मी दुसरं गणित केलं. एजंटचं ऐकून झिरो डेप ठेवलं असतं आणि पंधरा हजारांचा मोह टाळला असता, तर हजार सोडून 21,800 मिळाले असते. बोनस गेला असता, ते खरं. पुन्हा 50 वर चढेपर्यंत त्याचा फटका, आठ हजारांवर धरून, जीएसटीसकट 11,800 चा. तरी दहा हजार उरत होते. बरोब्बर दहा हजार. इतकं सुबक उत्तर येणारी गणितं मी पेपरात मुद्दाम घालायचो.

क्लेम मागे घेतला. गाडी चार दिवस गॅरेजात राहणार होती. बसनं जातो म्हटलं, तर साळा ऐकेना. त्यानं नवी कोरी पांढरी गाडी दारात आणली, हिला मागे बसवलं, मला पुढे.

"बसा जवाईबुवा, मी सोडून देतो अमरावतीले. आता रोही आला त आला, काय भेव हाये? इन्शुरन्स तुमीच काढला नं!"

मी पट्टा लावला. बोरगाव मंजूपासून बडनेऱ्यापर्यंत मी रस्त्याकडे पाहिलंच नाही. एकदा डावीकडची कपाशी पाहत होतो, एकदा उजवीकडची.