गोवळकोंड्याची राजकन्या, मुक्काम पोस्ट जालना

आमच्या जालन्यात सळई तयार होते, बियाणं तयार होतं, मोसंबी पिकते आणि टँकरच्या वेळा तोंडपाठ असलेली माणसंही भरपूर निपजतात. बॅलेरिना तयार करणारा कारखाना मात्र एमआयडीसीच्या कुठल्याच फेजमध्ये नाही. त्यामुळे माझी भाची स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या बॅले स्पर्धेला अर्ज करणार, असं ताईने जाहीर केलं तेव्हा दाजींनी पहिला प्रश्न केला, "फॉर्मची शेवटची तारीख होऊन गेली असंल ना?" हे त्यांनी फार आशेने विचारलं होतं.

तारीख गेलेली नव्हती. दाजी पुण्यात नोकरीला होते त्या काळात पोरगी एका मॅडमकडे बॅले शिकली. पुढे नोकरी सोडून दाजी बदनापूरकडच्या मोसंबीच्या बागेत परतले. पोरगी मोबाईलसमोर उभी राहून शिकत राहिली. घरच्यांना वाटायचं, दहावी आली की आपोआप सुटेल. दहावी आली, गेली, बॅले राहिला.

'प्री द लोझान' ही स्पर्धा 1973 साली ब्राउनश्वाइग नावाच्या नवरा-बायकोने सुरू केली. वय 15 ते 18. जगभरातली पोरं व्हिडिओ पाठवतात, त्यातली थोडी निवडून लोझानला बोलावतात. तिथे नुसता नाच बघून भागत नाही. आठवडाभर रोजचा रियाजही परीक्षक बघतात आणि त्यालाही गुण देतात. जिंकलेल्यांना नावाजलेल्या बॅले शाळेत शिकायची शिष्यवृत्ती मिळते.

"म्हणजे पहिलं आलं की परत शाळेतच घालणार?" दाजी म्हणाले. "आमच्या वेळेला ही शिक्षा होती."

दाजींना वळवायला ताईने त्यांना 2020 साली आलेला 'ये बॅले' हा सिनेमा दाखवला. सूनी तारापोरवाला यांचा. मुंबईतल्या दोन पोरांना येहुदा माओर नावाचे बुजुर्ग गुरू भेटले आणि पोरं कुठल्या कुठे पोचली, त्या खऱ्या गोष्टीवरून तो घेतलेला. मनीष चौहानचे वडील टॅक्सी चालवायचे, अमिरुद्दीन शाहचे वेल्डिंग करायचे. अमिरुद्दीन 2017 साली थेट लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. दाजींनी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला, डोळे पुसले आणि विचारलं, "टॅक्सीवाल्याचं पोरगं गेलं, वेल्डरचं गेलं. शेतकऱ्यासाठी काही योजना आहे का?"

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. गडबड झाली ती नाच कुठला करायचा यावरून. मॅडमनी निवडला 'ला बायादेर'मधला. मारियुस पेतिपा या फ्रेंच माणसाने 1877 साली रशियात, सेंट पीटर्सबर्गला हा बॅले बसवला आणि गोष्ट रचली ती हिंदुस्थानची. पेतिपा कधी हिंदुस्थानात आला नव्हता. यावर हसायला आपल्याला तोंड नाही. आपणही स्वित्झर्लंड यश चोप्रांच्या कॅमेऱ्यातूनच पाहिलंय. दाजींची तर आजही खात्री आहे की परीक्षक ट्युलिपच्या ताटव्यात बसतात. ते ताटवे 'सिलसिला'तले, आणि तेही नेदरलँड्सचे, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. होकार मोठ्या मुश्किलीने मिळाला होता.

भाचीने सगळ्यांना बसवून गोष्ट सांगितली. निकिया नावाची देवळातली नर्तकी. तिच्यावर बड्या पुजाऱ्याचा डोळा. तिचं मन सोलोर नावाच्या योद्ध्यावर. सोलोर अग्नीच्या साक्षीने तिला वचन देतो आणि दुसऱ्याच अंकात राजाच्या मुलीशी, गमझत्तीशी, साखरपुडा करतो. त्या समारंभात निकियाला फुलांची टोपली मिळते, टोपलीत साप. मग सोलोर अफू ओढतो, त्याला तिच्याच छाया दिसायला लागतात, आणि शेवटी देऊळ कोसळतं.

"सोलोर, गमझत्ती," दाजी म्हणाले, "असली नावं आपल्या मतदार यादीत एकाचं तरी आहे का?"

आईला वेगळीच शंका. "यात तू कोण?"

"गमझत्ती."

"काहून? सापवाली?"

"साप बहुतेक तिच्या वडिलांनी ठेवलाय, आजी. तिचा नाच अवघड असतो. मोठमोठ्या उड्या असतात."

"असू दे उड्या. तू देवळातली हो."

घराण्यातली मुलगी परदेशात पहिल्यांदा उभी राहणार आणि तीही दुसरीचा नवरा पळवणारी म्हणून, हे आईला पटेना. दोन दिवस स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज वाढला. मॅडमना फोन लावून चांगल्या चालीच्या बाईचा नाच मिळेल का, असं विचारायचंही ठरत होतं. शेवटी धावून आले नाना, दाजींचे वडील, निवृत्त मास्तर. बालपण निजामाच्या राज्यात गेलेलं, त्यामुळे कुठल्याही विषयाला हैदराबादमार्गे जाण्याची सवय.

"या गमझत्तीचा बाप कुठला राजा?"

भाचीने मोबाईलवर पाहून सांगितलं, "दुग्मंत, गोवळकोंड्याचा."

नाना ताठ बसले. "गोवळकोंडा म्हणजे हैदराबाद. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण कुठं होतो? हैदराबाद संस्थानात. म्हणजे ही पोरगी आपल्या राजधानीची. तिचं काम रशियाच्या अन् फ्रान्सच्या पोरींनी करावं, आपण बघत बसावं?" मग त्यांनी मुलकी आणि गैरमुलकीचा सगळा इतिहास सांगितला. संस्थानात नोकरी हवी तर मुलकी, म्हणजे संस्थानातलाच, असल्याचा दाखला लागायचा, नानांच्या वडिलांकडे तो होता, अजून पत्र्याच्या पेटीत आहे. त्याची झेरॉक्स अर्जाला जोडावी अशी त्यांची सूचना. मोठ्या मिनतवारीने ती मागे घ्यायला लावली. पण आईचा विरोध मावळला. परकी सवत आणि गाववाली सवत यांत फरक असतो.

"अन् या समारंभात सोलोर येतो कशावरून?" नानांनी विचारलं.

"हत्तीवरून. खोटा हत्ती असतो स्टेजवर."

"मग तर प्रश्नच मिटला." धुळवडीला जालन्यात हत्ती रिसाला निघतो, राजा हत्तीवर बसून रेवड्या उधळतो. नानांच्या मते पेतिपाला कुणीतरी जालनेकर भेटलेला असणार.

यानंतर साहित्याची जमवाजमव. सरावाला कंबरेएवढा आडवा बार लागतो. अख्ख्या महाराष्ट्राला सळई पुरवणाऱ्या या गावात तो कुठेच मिळेना. फॅब्रिकेटरकडे गेलो. तो म्हणाला, "गेटची ग्रिल आहे का बाल्कनीची?" मी नाचाची म्हटल्यावर त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. अमिरुद्दीनचे वडील वेल्डर, हे सांगून टाकलं. तो गप्प झाला, चहा मागवला आणि दोन दिवसांत बार करून दिला. गावाच्या इभ्रतीला शोभेल असा. चौघांनी उचलावा लागतो. पैसे त्याने पूर्ण घेतले, मात्र त्या रविवारपासून त्याचं पोरगं क्रिकेटला दिसलेलं नाही.

पंजांवर उभं राहायचे गुलाबी सॅटिनचे बूट आले. आईने ते देवापुढे ठेवले, हळदकुंकू लावू नका म्हणून भाची ओरडली. मग त्याच पोरीने बूट उंबऱ्यावर आपटले, तळवा दोन्ही हातांनी वाकवला आणि पुढच्या टोकावर बत्त्याने चार ठोके घातले. कापड, कागद आणि सरस यांचे थर देऊन ते टोक इतकं टणक केलेलं असतं की असं नरम केल्याशिवाय पाय आत नांदत नाही. रिबिनीचे दोरे सुटू नयेत म्हणून तिने कडा काडीपेटीने जाळल्या. आई खुर्ची धरून उभी. "एवढे पैसे घालून आणले अन् ठेचून जाळायले!"

बूट घसरू नयेत म्हणून राळ लागते. ती मात्र जालन्यात पूजेच्या सामानाच्या दुकानात सहज मिळाली. दुकानदाराने विचारलं, "होम कशाचा?" गुरुजी सांगतील, म्हणून मी वेळ मारून नेली.

अर्जात तब्येतीचीही चौकशी होती. उमेदवार उपाशी राहून वाळलेले तर नाहीत ना, याकडे ही स्पर्धा बारीक लक्ष ठेवते. हे कळल्यावर आईचं स्वित्झर्लंडबद्दलचं मत एका क्षणात बदललं. "मी काय वेगळं सांगते?" असं म्हणून तिने पोळीवर तुपाचा आणखी एक चमचा सोडला. तो आता नियमात बसत होता.

चित्रीकरण मंगल कार्यालयात. मुहूर्त नसलेला दिवस बघून हॉल घेतला. लोझानच्या बोल्यू नाट्यगृहातला रंगमंच प्रेक्षकांकडे उतरता आहे, नवख्यांचा तिथे तोल जातो म्हणतात. आमच्या कार्यालयाचं स्टेज तीन दिशांना उतरतं, तेव्हा त्या बाबतीत आमची पोरगी तयारीनिशी जाणार होती. स्टेजवर उडी मारण्यात धोका होता, म्हणून मंडपवाल्याकडून प्लायवूड आणून खाली हॉलमध्येच अंथरलं. कॅमेरा लग्नाच्या व्हिडिओवाल्याचा. "फ्रेममध्ये पाय दिसले पाहिजेत," असं मी त्याला सांगितलं होतं. "सर, आपण पंचवीस वर्षं लग्नं काढतोय," तो म्हणाला.

पंचवीस वर्षं त्याने नवरीचं तोंड काढलं होतं. पहिल्या चित्रणात भाचीचा चेहरा, चेहरा, कानातलं, पुन्हा चेहरा. पाय एकदाही नाहीत. उड्यांच्या वेळी तर फ्रेम मोकळीच, कारण चेहराही वरून निघून गेला. मधूनच कॅमेरा वळून टाळ्या वाजवणाऱ्या पाहुण्यांवर. हो, पाहुणे होते. कॉलनीत बातमी फुटली होती. शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या होत्या, कारण कार्यालय म्हटलं की जेवणाचं काय हा प्रश्न येतोच. दुसऱ्या वेळी पाय आले, पण 'ला बायादेर'च्या, म्हणजे मिंकुसच्या, संगीतात मागून चहाचे कप फिरत होते. पुढच्या वेळी लाईट गेली. ती आली तोवर नानांनी जमलेल्यांना गोवळकोंडा ते जालना हा इतिहास ऐकवायला घेतला होता आणि प्लायवूडवर लोक मांडी घालून बसले होते.

संध्याकाळी उशिरा, सगळे पांगल्यावर, एकदाचं नीट चित्रण झालं. मी कॅमेऱ्याशेजारी उभा होतो. पोरगी आली, मान वर केली आणि कुणाचं काही देणं लागत नाही अशा चेहऱ्याने तिरप्या रेषेत झेपावत गेली. सवत असावी तर अशी, असं आई हळूच म्हणाली. बोलू नका म्हणून व्हिडिओवाल्याने तिला दटावलं. पाय मात्र त्याने या वेळी सोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याने फाईल आणून दिली. सुरुवातीला गणपती, मग दोन हृदयं एकमेकांत शिरतात, त्यातून भाची उमलते, आणि उडीच्या ऐन क्षणी गुलाबाच्या पाकळ्या. ते सगळं काढायला लावलं. त्याला वाईट वाटलं. "याचे पैसे घेतले नसते सर," म्हणाला.

निवड झाली नाही. दाजींनी ते ऐकून मान हलवली आणि थोड्या वेळाने विचारलं, "पुढच्या वर्षी वयात बसते ना?" बसते.

व्हिडिओवाल्याने पाकळ्यांची आवृत्ती वाया घालवली नाही. तो ती नव्या गिऱ्हाइकांना दाखवतो. परवा त्याचा फोन आला. अंबडच्या एका लग्नात नवरीला तशीच एंट्री हवी आहे, पंजांवर. भाचीताई शिकवतील का? आणि नवरदेवालाही काहीतरी वेगळं करायचंय. मी कुणाशी बोलतोय हे नानांनी पलंगावरूनच ओळखलं.

"त्याला म्हणावं, हत्तीचं मी बघतो."